कोटींचा पिक्चर आणि बंद स्पीकर

बेळगावची शिवजयंती वैशाखात येते आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गल्लीगल्लीचं मंडळ एकेक ट्रॉली सजवतं. गल्लीतलीच पोरं मावळे, सरदार, जिजाऊ होऊन तिच्यावर उभी राहतात. आधीच रेकॉर्ड केलेले संवाद स्पीकरवर वाजतात आणि हा सजीव देखावा चौकाचौकात थांबत पुढं सरकतो. आसपासच्या खेड्यांतली माणसं संध्याकाळपासून दुकानांच्या पायऱ्या धरून बसतात. बरोबर भडंग असतं, पाण्याच्या बाटल्या असतात आणि मांडीवर झोपलेलं एखादं पोर.

काही वर्षांपूर्वी एका मंडळानं कोंढाण्याचा कडा उभारला होता. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर पोती आणि प्लास्टरचे खडक. विजेच्या तारा आल्या की तो आडवा करायचा, चौकात आलं की पुन्हा उभा करायचा. वर्गणीतला मोठा वाटा या कड्यानंच खाल्ला, असं बोललं जात होतं. त्याच्या पुढच्या रथावर धूर, लेझर, एलईडीचा पडदा, तोफांचे आवाज, सगळं होतं, आणि त्याला शिट्ट्याही भरपूर मिळाल्या. मग हा कडा आला. पोरांनी तो उभा केला आणि स्पीकर बंद केले. एक पोरगा दोर धरून वर चढायला लागला. दीड-दोन मिनिटं अख्ख्या चौकात फक्त दोराची करकर ऐकू येत होती. माझ्या शेजारच्या आजी तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "पडंल की रे त्ये."

त्या कड्याला पैसा लागला होता, भरपूर लागला होता. तरी तिथं जे घडलं त्याला मी कला म्हणेन. आणि पुढच्या रथावर तेवढाच खर्च होऊनही मी म्हणणार नाही. मोठ्या बजेटच्या पिक्चरमध्ये खरी कला असू शकते का, या वादात माझं म्हणणं साधारण या दोन रथांच्या मधल्या अंतरात बसतं. हा वाद आमच्याकडं कट्ट्यावरही होतो आणि वाचनालयातही. कट्ट्यावरचे म्हणतात, एवढी गर्दी येते म्हणजे काहीतरी असणारच. वाचनालयातले म्हणतात, एवढी गर्दी येते म्हणजे काहीच नसणार. दोघांनाही गर्दीपलीकडं बघायचं नसतं.

गर्दीबद्दल आपल्याकडं फार जुना आणि फार समंजस विचार झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोग यशस्वी झाला हे कसं ओळखायचं यावर एक अध्याय आहे. त्यात यशाचे, म्हणजे सिद्धीचे, दोन प्रकार सांगितलेत. पहिली मानुषी सिद्धी. प्रेक्षक हसतात, 'वाहवा' करतात, हळहळतात, अंगावर काटा येतो, जागेवरून उठून उभे राहतात, अंगावरची वस्त्रं आणि बोटातल्या अंगठ्या रंगमंचाकडं भिरकावतात. हिरोची एंट्री झाल्यावर पडद्यावर चिल्लर आणि कागदाचे कपटे उधळणारा आपला पब्लिक यात जसाच्या तसा आहे. दुसरी दैविकी सिद्धी. प्रेक्षागृह पूर्ण भरलेलं आहे आणि तरीही आवाज नाही, गडबड नाही, चुळबुळ नाही.

मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. शिट्टीला भरतानं कमी लेखलेलं नाही, तीही सिद्धीच आहे. आणि वरच्या सिद्धीची अटसुद्धा रिकामं थिएटर ही नाही. चार जाणकार बसलेत आणि शांतता आहे, याला तो दैविकी म्हणत नाही. हाउसफुल्ल पाहिजे, आणि मग शांत पाहिजे. म्हणजे 'लोकप्रिय की कलात्मक' हे भांडण त्या ग्रंथाच्या हिशेबात उभंच राहत नाही.

आता पैशाकडं येऊ. ब्लॉकबस्टर हा शब्द मुळात सिनेमाचा नाही, बॉम्बचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलानं असे जड बॉम्ब वापरले की एकात इमारतींचा अख्खा ब्लॉक जमीनदोस्त व्हावा. सिनेमाच्या जाहिरातदारांनी तो शब्द उचलला. आज ज्या धंद्याला आपण ब्लॉकबस्टर म्हणतो त्याचा पाया बहुतेक जण १९७५ च्या 'जॉज' या अमेरिकी पिक्चरपाशी दाखवतात. आधी चार मोठ्या शहरांत लावून हळूहळू पसरवण्याऐवजी तो एकाच दिवशी चारशेहून जास्त थिएटरांत लागला, आणि त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार झाला होता. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला म्हणजे पिक्चरचं नशीब, ही सवय तिथून पक्की झाली.

या सवयीमागं साधं गणित आहे, आणि कलेचा प्रश्न खरं तर या गणितातच अडकलेला आहे. समजा तिकीट २०० रुपयांचं. त्यातून कर गेला, थिएटरचा वाटा गेला, वितरकाचं कमिशन गेलं आणि निर्मात्याच्या हाती ८० रुपये पडले. पिक्चरचा खर्च ४ कोटी असेल तर तो निघायला ५ लाख तिकिटं खपावी लागतील. २०११ च्या जनगणनेत आपल्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ ४८ लाख होती. म्हणजे जिल्ह्यातल्या दर दहांतल्या एकानं पिक्चर बघितला की भागलं. आता खर्च ४०० कोटी धरा. तिकिटं लागतील ५ कोटी. आपल्यासारखे दहा जिल्हे, तान्ह्या बाळांसकट, टाकीत, म्हणजे थिएटरात, बसवले तरी थोडी कमीच पडतील. टीव्हीचे आणि ओटीटीचे हक्क विकून बरंच निघतं हे खरं, पण भीती कमी होत नाही, कारण ते हक्कसुद्धा गर्दीच्या अंदाजावरच विकले जातात.

पाच कोटी माणसांना एकाच वेळी काय कळेल? मारामारी कळेल, आईचं रडणं कळेल, बदला कळेल. बोलीतला विनोद कळणार नाही. आमच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. "पिक्चर चांगला हाय, खरं लई लांबलाय" असं आम्ही म्हणतो. पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, पिक्चर खरोखरच लांब आहे असं हे ठासून सांगतायत. असलं वाक्य चारशे कोटींच्या पटकथेत पहिल्या बैठकीतच उडेल. ते डब करता येत नाही, सबटायटलमध्ये मावत नाही, आणि ते कापल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. अशी कुणाचं काही न बिघडवणारी शंभर वाक्यं कापली गेली की उरतो तो पिक्चर कुठल्याच गावचा नसतो.

मोठ्या बजेटवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो खोडून काढण्याची घाई करू नये. २०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकानं सुपरहिरोंच्या मार्व्हल पिक्चरांना मनोरंजन-बागेची उपमा दिली आणि हे सिनेमा नव्हेत असं म्हटलं, तेव्हा जगभर वाद पेटला. नंतर त्यानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपलं म्हणणं मांडलं. त्याचा रोख भव्यतेवर नव्हता. या पिक्चरांत धोका उरलेला नाही, सगळं आधीच चाचपून, तपासून, मंजूर करून घेतलेलं असतं, हे त्याचं दुखणं होतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेल्या त्याच्या स्वतःच्या 'द आयरिशमन'चा खर्चही १५ कोटी डॉलरच्या वर गेल्याचं सांगितलं जातं. म्हणजे पैशाचं त्यालाही वावडं नाही.

मग भीतीचं हे गणित मोडून पैसा कलेच्या कामाला येतो तो कसा? यासाठी एकच उदाहरण नीट बघू, कारण ते आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. 'मुघल-ए-आझम'.

५ ऑगस्ट १९६० ला हा पिक्चर प्रदर्शित झाला. के. आसिफ यांना तो बनवायला दहा वर्षांहून जास्त लागली आणि खर्च दीड कोटीच्या आसपास गेला असं मानतात, जो त्या काळात वेडेपणाच होता. बहुतेक पिक्चर कृष्णधवल, पण शीशमहालातलं गाणं रंगीत. एका गाण्याच्या या सेटसाठी दोन वर्षं लागली. काचा बेल्जियमहून मागवल्या होत्या. अडचण अशी झाली की इतक्या आरशांत दिव्यांचा झोत परतून थेट कॅमेऱ्यात घुसत होता. चित्रीकरण होणारच नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. छायालेखक आर. डी. माथूर यांनी प्रकाश थेट न टाकता परावर्तित करून, मऊ करून त्यावर तोड काढली.

आता हा खर्च कशासाठी, ते बघा. दरबारातली एक नाचणारी मुलगी बादशहाच्या तोंडावर सांगते की मी प्रेम केलंय आणि मला भीती नाही. हे साध्या दालनातही दाखवता आलं असतं. बादशहानं मान फिरवली असती आणि विषय संपला असता. पण शीशमहालात मान फिरवायला जागा नाही. वर बघितलं तर छताच्या शेकडो आरशांत तीच नाचतेय. आपलं वैभव दाखवायला बांधलेला महाल त्या मुलीच्या बाजूनं साक्ष देतो. सत्ता जेवढी झगझगीत, तेवढ्या जास्त ठिकाणी त्या मुलीची नाफर्मानी दिसते. हा विचार संवादात सांगितलेला नाही, तो काचेत सांगितलेला आहे, आणि काच महाग होती. त्या जागी शंभर रुपयांचा पडदा लावला तर गाणं राहील, अर्थ जाईल.

माझी कसोटी इथून आलेली आहे. भव्य दृश्य समोर आलं की मी मनातल्या मनात त्यातला खर्च काढून टाकून बघतो. अर्थ तसाच राहिला तर तो खर्च सजावटीचा होता. अर्थ कोसळला तर तो खर्च कलेचा. सजावट वाईट असते असं नाही, लग्नातल्या मांडवालाही आपण नाव ठेवत नाही. पण मांडव म्हणजे लग्न नव्हे, एवढं तरी कळलं पाहिजे.

याच्या उलटही एक गोष्ट आहे, आणि ती पुन्हा 'जॉज'मधलीच. माणसं खाणाऱ्या शार्कच्या त्या पिक्चरसाठी यांत्रिक मासा बनवला होता. खाऱ्या पाण्यात उतरवल्यावर तो सतत बंद पडायला लागला. ५५ दिवसांचं ठरलेलं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. शेवटी दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गनं मासा दाखवणंच टाळलं. पाण्याच्या पातळीवरून सरकणारा कॅमेरा, दोन स्वरांची वाढत जाणारी धून, अचानक पाण्याखाली ओढली जाणारी पिवळी पिंपं. मासा नीट दिसतो तो तासाभरानंतर. इथं पैसा फसला म्हणून कला साधली. म्हणजे पैशानं कला येते असंही नाही आणि जाते असंही नाही. हातातली वस्तू बंद पडल्यावर डोकं चालवण्याची मोकळीक उरलेली असावी लागते. आजच्या मोठ्या निर्मितीत तो मासा बंद पडलाच नसता, संगणकावर हवा तेवढा पोहला असता आणि पहिल्या पाच मिनिटांतच दिसला असता.

आपल्याकडं, म्हणजे या सीमाभागात, भव्यता आणि कला यांची ओळख काही नवी नाही. मराठी नाटकाची सुरुवातच मुळी इकडून गेलेल्या भव्यतेनं झाली. १८४२ मध्ये उत्तर कन्नडमधल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला आली. मोठाले मुकुट, रंगवलेले चेहरे, राक्षसांच्या आरोळ्या. सांगलीच्या राजांना खेळ आवडला आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभं केलं. पुढं संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. आणि त्या परंपरेच्या शिखरावरच्या बालगंधर्वांची नाटकं म्हणजे त्या काळातली बिग बजेटच. खरे शालू, खरी अत्तरं, उंची गालिचे, आणि त्यापायी डोक्यावर झालेलं कर्ज. गालिचा खरा असल्यानं गाणं चांगलं झालं का? माझ्या मते नाही. पण खरा शालू अंगावर असला की माणूस वेगळा चालतो, हे आमच्या घरातल्या बायका मला नेहमी सांगतात, आणि बालगंधर्वांच्या चालण्याची तर बायकांनी नक्कल केली. तेव्हा तो हिशेब मी अर्धवटच सोडतो.

अलीकडच्या दोन पिक्चरांबद्दल बोलायलाच हवं, कारण एक कन्नड आणि एक मराठी, सीमाभागातला माणूस ते दोन्ही डबिंगशिवाय बघतो.

'कांतारा' २०२२ मध्ये आला. खर्च १६ कोटींच्या आसपास आणि जगभरातली कमाई ४०० कोटींच्या घरात, असे आकडे सांगितले जातात. म्हणजे कमाई ब्लॉकबस्टरची, बजेट नाही. खर्च कमी असल्यानं दिग्दर्शक रिषभ शेट्टींना आपल्या किनारपट्टीची कन्नड, आपला भूतकोला (अंगात दैव येण्याचा नृत्यविधी), आपली जमिनीची भांडणं जशीच्या तशी ठेवता आली. ती भाषा आम्हा बेळगाववाल्यांनाही अर्धीच कळते. धारवाडी कन्नड कानात बसलेल्यांना कुंदापूरकडची कन्नड म्हणजे वेगळंच प्रकरण. तरीही शेवटच्या भागात, अंगात दैव आलेला नायक एक शब्द न बोलता गावकऱ्यांचे आणि वनाधिकाऱ्याचे हात एकत्र आणतो, तेव्हा टाकीत जी शांतता पसरली ती मी ऐकली आहे. मधल्या भागातलं नायिकेला चिमटे काढणं मला अजिबात रुचलं नाही, आणि पिक्चर गाजला म्हणून ते माफ होत नाही. एकाच पिक्चरमध्ये कला असते आणि कच्चेपणाही असतो. गुण एकगठ्ठा द्यायची आपली सवय वाईट आहे.

'सैराट'चं गणित आणखी मजेशीर. २०१६ चा पिक्चर, खर्च चारेक कोटी. तेवढ्यातूनही अजय-अतुल यांनी संगीताचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाकडून करून घेतलं. करमाळ्याच्या उसात आणि विहिरीत घडणाऱ्या प्रेमाला हॉलिवूडचा वाद्यवृंद कशाला, असं वाटू शकतं. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना आपलं प्रेम तेवढंच मोठं वाटत असतं. त्यांच्या डोक्यात जे वाजतं तेच आपल्या कानात वाजतं. पब्लिक उठून नाचतं, मोबाइलचे दिवे लागतात, मानुषी सिद्धीचा अगदी कळस होतो.

आणि शेवटच्या दृश्यात नागराज मंजुळे तो सगळा आवाज काढून घेतात. लहान पोर रक्ताची पावलं उमटवत दाराबाहेर जातं आणि पडद्यावर काहीच ऐकू येत नाही. ज्या टाकीत दोन तासांपूर्वी खुर्च्या मोडायची वेळ आली होती, तिथून माणसं चपला न वाजवता बाहेर पडत होती. आमच्या भाच्यानं रिक्षात बसल्यावरही तोंड उघडलं नाही, आणि तो गप्प बसणाऱ्यांतला नाही.

पहिल्या भागातला तो महागडा वाद्यवृंद नसता तर शेवटची शांतता एवढी कानात बसली नसती. खर्च काढून टाकायची माझी कसोटी इथं लावून बघा. चारपाच वाद्यांत भागवलेलं संगीत बंद पडलं असतं तर ते बंद पडल्याचं लक्षातही आलं नसतं.

आता 'बाहुबली'सारख्यांचं काय, हा प्रश्न उरतो. त्याच्या पहिल्या भागाला २०१५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तेव्हाही बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. माझं मत विचाराल तर त्यातला धबधबा चढणारा शिवुडू मला पटतो. पुन्हा पुन्हा पडतो आणि पुन्हा चढतो, आणि तो धबधबा तेवढा अफाट नसता तर त्या हट्टाला वजन आलं नसतं. शेवटची लांबलचक लढाई मात्र मला पुढच्या रथावरच्या लेझरसारखी वाटते. माझा मेव्हणा नेमका उलटं म्हणतो. लढाईच्या व्यूहरचनेवर तो अर्धा तास बोलू शकतो आणि बोलतोही. त्याचं ऐकल्यावर पुढच्या वेळी मी ती लढाई जरा लक्ष देऊन बघितली, आणि थोडा मागं सरलो. कसोटी एक असली तरी प्रत्येकाचा निकाल एकच येईल असं नाही.

यंदा चैत्रात आमच्या ओळखीतल्या एका मंडळाची बैठक होती. मीही चहापुरता बसलो होतो. कडा उभारलेलं तेच मंडळ, पण पोरं आता नवी. एलईडीचा पडदा भाड्यानं आणायचा की नाही यावर तासभर खल झाला. स्पीकरच्या भाड्याचा आकडा निघाला तसे खजिनदार काका वैतागले.

"त्या साली बंदच करून ठेवला होता न्हवं? मग यंदा आणताय कशाला?"

सेट रंगवणारे मामा कोपऱ्यात बिडी चाचपत बसले होते. ते म्हणाले, "बंद केलेलं कळायला आदी चालू पायजे की, काका."

काकांनी वहीत 'स्पीकर' असं लिहिलं. पुढचा आकडा मात्र त्यांनी त्या दिवशी रिकामाच ठेवला.